दुसरा फटका

मी डोंबिवलीच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होते तेव्हाची ही गोष्ट, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. शाळेत दर पावसाळ्यात झाडं लावायचा कार्यक्रम असायचा. काळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांतली रोपं यायची. मुलं पिशवी फाडताना मुळंही तोडायची, काही जण तर पिशवीसकट रोप पुरून मोकळे व्हायचे. दिवाळीला मैदानाच्या कडेला नुसत्या वाळक्या काड्या उभ्या असायच्या. माझ्या डोक्यात आलं, कुंडीच अशी हवी की ती रोपासकट मातीत पुरता येईल आणि तिथेच तिचं खत होईल. तिच्यासोबत बियांची पुडी आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून खेळायचा एक पट द्यायचा, म्हणजे गांडूळ काय करतं, लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा काय खातो, हे मुलांना खेळताना कळेल.

पट आधी तयार झाला. चाळीस वाफे, एक फासा, सोंगट्या आणि पत्ते. अळीचा पत्ता आला की दोन वाफे मागे. फवाऱ्याचा पत्ता आला की शेजारच्या खेळाडूची अख्खी बाग मारून टाकता यायची, गांडुळांसकट. विषारी फवाऱ्याचं नुकसान यातून समजेल असं मला वाटलं होतं. खेळून बघायला म्हणून मी रविवारी ओळखीच्या घरी जायचे. आमच्याच बिल्डिंगमधल्या एका घरी बापाने फवारा मारून आठ वर्षांच्या मुलीची बाग साफ केली. ती रडवेली झाली आणि पुढच्या खेपेला मुद्दाम एक वाफा जास्त सरकली. त्याने पटावरूनच हात लांब केला आणि तिच्या कानाखाली वाजवली. सोंगट्या कॉटखाली गेल्या. तिची आई मला म्हणाली की ह्यांना चिटिंग अजिबात चालत नाही, आणि चहा टाकायला उठली. मी तो चहा प्यायले. घरी येऊन फवाऱ्याचे सगळे पत्ते फाडले आणि खेळ नव्याने मांडला. आता घरातल्या सगळ्यांची मिळून एकच बाग होती. जगली तर सगळ्यांची, मेली तर सगळ्यांची.

कुंडीसाठी मला बाळकुमची मावशी आठवली. माझं माहेर ठाण्याचं. लहानपणापासून आमच्याकडे दुधाचा रतीब तिचाच होता. नवरा लवकर गेला, एक मुलगी होती ती कल्याणला दिली होती. मावशी दोन म्हशी घेऊन बाळकुमला एकटी राहायची. घरापुढे मोठं सारवलेलं अंगण, मागे गोठा. शेण, भाताचं तूस आणि रद्दी यांच्या लगद्याची कुंडी करायची असं मी तिला सांगितलं तेव्हा ती हसली. पहिली कुंडी पाणी घालताच पसरली. मग तिनेच मेथी भिजवून वाटली आणि लगद्यात घातली. तिच्या आईकडे कागदाच्या टोपल्या अशाच करायचे म्हणे. ती कुंडी दीड महिना उभी राहिली आणि मातीत घातल्यावर विरघळली.

माझा नवरा डोंबिवलीच्या एमआयडीसीत फिटर होता. त्याने ओळखीच्या वर्कशॉपमधून दोन तुकड्यांचा लोखंडी साचा करून आणला. साच्याच्या वर दट्ट्या, आणि तो दाबायला हातभर लांब दांडा. दांडा काढता-घालता यायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी रोज बाळकुमला जायला लागले. मावशी लगदा मळायची, मी दांडा दाबायचे. काही दिवसांतच माझ्या हातांना घट्टे पडले आणि दंडात ताकद आली. जूनच्या आत कुंड्या, बी आणि पट घालून विक्रीची खोकी भरायची होती, त्यामुळे अंगणभर कुंड्या वाळत असायच्या.

त्या अंगणावर मावशीच्या धाकट्या दिराचा डोळा होता. तो पलीकडच्याच घरात राहायचा. मागची शेतं एका बिल्डरने घेतली होती आणि तिथे गाड्या जायला रस्ता हवा होता. रस्ता अंगणातूनच निघणार होता. दिराने स्वतःचा हिस्सा लिहून दिला होता, मावशी देत नव्हती. त्या उन्हाळ्यात तो येता-जाता शिव्या द्यायचा. एकदा त्याने म्हशीच्या डोळ्यात चुना टाकला. मावशीने पाण्याने तासभर तिचा डोळा धुतला, तरी म्हशीची ती बाजू आंधळी झाली. मी पोलिसात जाऊ म्हटलं. मावशी म्हणाली की घरातली भांडणं घरात राहू देत.

मेच्या शेवटी एका दुपारी तो दोन माणसं घेऊन आला. तिघांच्या हातात बांबू होते. त्यांनी आल्या आल्या कुंड्यांवर पाय द्यायला सुरुवात केली. वाळलेल्या कुंड्या फुटताना पापड मोडल्यासारखा आवाज होत होता. आमची तीन आठवड्यांची मेहनत त्यांनी पाच मिनिटांत भुईसपाट केली. मावशी लगद्याने भरलेले हात तसेच घेऊन मधे गेली. दिराने तिच्या खांद्यावर बांबू घातला. ती पडली नाही, म्हणून पुन्हा घातला, तो कपाळावर बसला. रक्त एकदम डोळ्यांत उतरलं. त्याने तिचे केस धरले आणि तो तिला गोठ्याकडे फरफटत न्यायला लागला. बरोबरची माणसंही थांबली. इतकं त्यांनाही अपेक्षित नसावं.

मावशी ओरडली नाही. केस त्याच्या मुठीत असताना वर बघत तिने विचारलं, "मना मारलंस त मारलंस, पन कुंड्या कशाला मोरल्यास?"

त्याने तिच्या तोंडावर लाथ घातली.

साच्यातून दांडा काढल्याचं मला आठवत नाही. तो माझ्या हातात होता एवढं आठवतं. मी मागून गेले आणि ज्या हाताने त्याने केस धरले होते त्या हातावर, कोपराच्या खाली, दोन्ही हातांनी घातला. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं आणि माझ्या तळव्यातही कळलं. केस सुटले. तो गुडघ्यावर आला, मोडका हात छातीशी धरून वाकला. बांबू लांब पडला होता. बरोबरची माणसं फाटकाकडे पळाली होती. तो माझ्याकडे बघून "बाई, नको" म्हणाला. अगदी हळू म्हणाला, पण मी ते स्वच्छ ऐकलं.

मग मी पुन्हा मारलं. त्याच हातावर, त्याच जागी.

लोकांनी नंतर मला समजावलं की अशा वेळी माणसाचं भान जातं. माझं गेलं नव्हतं. पहिला फटका मी मावशीला सोडवायला मारला. दुसरा मारताना तो उठणार नाही हे मला माहीत होतं, आणि मला बरं वाटत होतं. इतकं बरं की तिसऱ्यासाठी मी दांडा उचललाही होता. मावशीने माझे पाय धरले म्हणून थांबले.

आजूबाजूची माणसं जमली. कोणीतरी पोलिसांना कळवलं होतं. ते येईपर्यंतच्या वेळात मावशीने माझ्या हातातला दांडा काढून घेतला आणि स्वतःजवळ ठेवला. तोंडातलं रक्त थुंकून ती म्हणाली, "तू गप ऱ्हा, बाय. तुझी शाळा हाय. मी सांगीन."

आणि तिने सांगितलं. मीच मारलं, म्हणाली. मला वाटलं दीर लगेच खरं सांगेल, त्याने तर मला समोरून पाहिलं होतं. पण स्ट्रेचरवरून तोही तेच बोलला. वहिनीने मारलं. मला कळायला जरा वेळ लागला. डोंबिवलीची कोण एक शिक्षिका आत जाऊन त्याला काय मिळणार होतं? वहिनी अडकली की अंगण मोकळं होणार होतं. जबाब घेणाऱ्याने मला विचारलं, तुम्ही काय पाहिलं. मी म्हणाले, मी आत पाणी आणायला गेले होते.

मावशीला दोन दिवस आत ठेवलं. कपाळाला टाके आणि समोरचे दोन दात गेलेले, अशी ती जामिनावर बाहेर आली. दिराच्या हाताची दोन्ही हाडं मोडली होती. डॉक्टरांच्या कागदात लिहिलं होतं की एकाच जागी पुन्हा मार बसल्यामुळे हाडाचा चुरा झाला आणि हात पूर्ण सरळ होणार नाही. मावशीच्या वकिलाने त्या ओळीवर बोट ठेवलं. एक फटका असता तर स्वतःला वाचवायला मारला म्हणता आलं असतं, दुसऱ्याचं काय सांगायचं? मी त्याच्यासमोर खुर्चीत बसले होते. तेव्हाही गप्प बसले.

घरी नवऱ्याला मी पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला की आता सांगून मावशीही खोटी पडेल आणि तूही. हे खरंही होतं आणि आमच्या सोयीचंही होतं.

वर्षभर ठाण्याच्या कोर्टात तारखा पडत राहिल्या. दिराच्या बाजूने निरोप आला की वहिनीने अंगण लिहून दिलं तर दोन्हीकडच्या तक्रारी मागे घेऊ. मावशीने अंगठा दिला. दिराच्या शेजारी राहणं नको म्हणून तिने म्हशी विकायला काढल्या; आंधळ्या म्हशीला गिऱ्हाईक मिळेना, ती दुसरीसोबत फुकट गेली. अंगणावर खडी पडली तेव्हा मी बघायला गेले नाही.

टिटवाळ्याला माझ्या नवऱ्याच्या मित्राची एक पत्र्याची शेड होती. शेजारी राहायला खोलीही होती. मावशी तिथे राहायला आली आणि आम्ही साचा पुन्हा लावला. शेण जवळच्या तबेल्यातून यायचं. पुढच्या पावसाळ्याआधी आमची पहिली खोकी बाहेर पडली. तीन कुंड्या, मेथी, टोमॅटो आणि झेंडूचं बी, आणि आत घडी घातलेला पट. दोन-तीन शाळांनी घेतली, काही प्रदर्शनांत गेली. घराघरांतून पत्रं यायची. आमच्या बागेत गांडूळ निघालं, असं कुणी लिहायचं. मी ती वाचून दाखवायचे. मावशी ऐकायची, पण हसायची नाही. दात गेल्यापासून ती तोंडावर पदर धरूनच असायची.

एका दुपारी लगदा मळताना मी बोलून टाकलं. मावशी, दुसरा फटका मारायला नको होता, तो पडलेला होता, नको म्हणत होता. ती मळत राहिली. म्हणाली की तिने ते ऐकलं होतं. मी म्हटलं, मी काय करू सांग.

"माझ्या पोरीला सांग," ती म्हणाली. "तिला सासरी खुनशीची लेक म्हनतात. ती माझ्याकडं येत नाय."

हे मला माहीत नव्हतं. दोन वर्षं मी तिच्यासोबत काम करत होते आणि मुलगी का येत नाही हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

त्याच आठवड्यात मी कल्याणला गेले. मुलीचं घर एका जुन्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर होतं. सासू-सासरे होते, नवरा होता. त्यांनी मला बाहेरच्या खोलीत बसवलं, मी मावशीच्या रतिबाची जुनी ओळख सांगितली तसे नीट बोलले. मुलगी दारात उभी होती. मी सगळ्यांसमोर सांगितलं की तिच्या आईने कुणाला मारलं नाही, मी मारलं. दोनदा मारलं, दुसऱ्यांदा तो माणूस विनवत असताना मारलं, आणि तिची आई माझ्यासाठी आत गेली. अंगण माझ्यामुळे गेलं. सासरे म्हणाले की आता या जुन्या गोष्टी कशाला. सासूने सुनेकडे पाहिलं नाही.

मुलगी पुढे आली आणि तिने माझ्या थोबाडीत मारली. हात चांगला जड होता. चष्मा पडला, ओठ आतून फुटला. नवरा तिला आवरायला उठला, मी त्याला राहू द्या म्हटलं. ती पुन्हा मारेल असं मला वाटलं आणि मी तशीच उभी राहिले. तिने मारलं नाही. खाली वाकून तिने चष्मा उचलला, काच तडकली होती, तो माझ्या हातात न देता स्टुलावर ठेवला. मला विचारलं, "टिटवाळ्याला कुठे राहते ती?"

मी पत्ता सांगितला. तिने तो दोनदा म्हणून दाखवला.

पुढच्या रविवारी ती लहान मुलाला कडेवर घेऊन शेडवर आली. मी साच्यावर होते. तिने माझ्याकडे पाहिलं, ओळख दिली नाही आणि सरळ आईच्या खोलीत गेली. दार लोटलं गेलं. आतून आधी मोठ्याने भांडल्याचा आवाज आला, मग मुलाचं रडणं, मग मावशीने त्याला काहीतरी खायला दिलं असावं, तो गप्प झाला. मी लगद्याचं घमेलं जवळ ओढलं आणि राहिलेल्या कुंड्या एकटीने काढल्या.

माझ्याशी ती मुलगी त्यानंतरही कधी बोलली नाही. पण दर रविवारी यायला लागली. मावशीला तिने कल्याणच्या डॉक्टरकडे नेऊन पुढचे दोन दात बसवून आणले.