पाठीखालचा कापूस

आईने मागितलं काय, तर गादी. तीही दुकानातली नाही. "सुधाकरच्या वावरातला कापूस आण. त्याची करून दे," असं तिने एका सकाळी चहा बाजूला सारून सांगितलं. वावर म्हणजे शेत, आणि सुधाकर माझा मामेभाऊ. पुण्यात येऊन तिला पन्नासेक वर्षं झाली, पण हट्टाला बसली की ती अजून आदिलाबादची होते.

खुब्याचं हाड मोडल्यापासून ती अंथरुणावर आहे. डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी चांगली महागडी फोमची गादी आणली होती. तिने घाम येतो म्हणून तिला नावं ठेवली. मी म्हटलं, कापसाची इथे मिळेल की. त्यावर ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "लहानपनापासून लगीन होईपर्यंत दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचला. निजलो गोनपाटावर. आता माह्या भावाचं वावर हाय. एकदा पाठीखाली घेऊ दे." ह्यावर काय बोलणार? दोन मोठ्या रिकाम्या पिशव्या घेतल्या आणि निघाले. नवऱ्याने स्टेशनवर एवढंच विचारलं, "फिरायला चाललीस की भांडायला?" बँकेत आयुष्य काढलेल्या बाईला हा प्रश्न विचारू नये. माझं दोन्ही एकदमच होतं.

नांदेडला गाडी बदलली. किनवट यायला लागलं तसा डबा सागाच्या सावलीत शिरला. समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी मला माहिती पुरवायला सुरुवात केली. हा साग, पलीकडे चुन्याचा दगड, तिकडे गोदावरीकडे कोळसा. "सोन्यासारखा मुलूख आहे, मॅडम," असं म्हणून त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकचा डबा काढला आणि त्यातला उपमा खाल्ला. मग सोन्यासारख्या मुलखातला त्यांचा मुलगा कुठे आहे, असं मी विचारलं. तो हैदराबादला मॉलमध्ये सुरक्षारक्षक होता.

आदिलाबादला उतरल्यावर पहिल्यांदा दिसला तो कापूस. नोव्हेंबर होता. रस्त्याच्या कडेला, बाभळीच्या काट्यांवर, विजेच्या तारेवर, रिक्षाच्या टपावर कापूस अडकलेला. गाड्यांवरून उडालेला हा माल उचलायलाही कोणी वाकत नव्हतं. सुधाकर न्यायला आला होता. हा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. मामा गेल्यापासून शेतही तोच पाहतो. "जय भीम ताई. बॅगा रिकाम्या घेऊन आली का?" म्हणून हसला. मी कारण सांगितलं, तर आणखी हसला. "कापूस? लागन तेवढा घेऊन जा. इथं दुसरं हाय काय?"

त्याचं गाव बेल्याच्या रस्त्यावर. त्या रस्त्याने सिमेंटचे ट्रक एकामागून एक धुरळा उडवत येतात, आणि त्यांच्या मधून कापसाचे पिकअप वाट काढतात. मामीने अंगणातच गाठलं. जेवायला ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी (हिला बाजारात सगळे तेलुगूत पुंटीकूरा म्हणतात) आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा. जेवून शेतावर गेलो. सगळं वावर पांढरं फटक फुटलेलं. बाया ओळीने वेचत होत्या, कमरेला ओटी बांधलेली, बोटांच्या कडांना बोंडांच्या टोकांनी पडलेल्या चिरा. बांधावर सात खडे मांडलेले होते, पुढे दहीभाताचा नैवेद्य. सीतादही म्हणतात त्याला, पहिल्या वेचणीचा मान. मी मामीकडे पाहिलं, कारण आमच्या घरात देव नाहीत. ती म्हणाली, "आमी नाई करत. पन वेचनाऱ्या बाया करतात, त्याहिले कोन नाई म्हनन?"

त्या बायांत कौसाबाई होती. माझ्या वयाची असेल, दिसायला माझ्या आईच्या. मी कशाला आले ते तिला कळलं तेव्हा ती वेचता वेचता थांबली.

"कापसाच्या गादीवर निजाले कसं लागते, ताई?"

"मऊ लागतं," मी म्हटलं.

"हाताले मऊ लागते, ते मले माहीत हाय. पाठीले कसं लागते?"

मी स्वतः फोमवर झोपते. "आईला विचारून सांगते," म्हटलं, आणि पुढे सरकले. लाज वाटली, आणि लाजेचा माझ्यात लगेच राग होतो.

दुसऱ्या दिवशी सुधाकरचा कापूस पिकअपमध्ये भरून मार्केट यार्डात गेलो. माझ्या दोन भरलेल्या पिशव्या वेगळ्या, मांडीवर. यार्डात गाड्यांची रांग. सरकारी खरेदीचा माणूस आला, त्याने गाडीत हात घालून अगदी तळाला यंत्राची सुई खुपसली आणि मागे वळून म्हणाला, "तेमा एक्कुवा." ओल जास्त. गाडी परत.

"वरचा तपासा ना," मी म्हटलं. "तळाशी सकाळच्या दवातला माल आहे. उन्हात पसरला की तासाभरात कोरडा होईल."

त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. सुधाकरने माझा दंड धरला. "ताई, भांडू नको. उद्या पुन्हा याच माणसाकडे यायचं हाय." तोंड दाबून बुक्क्यांचा मार ह्यालाच म्हणतात. गेटबाहेर एक व्यापारी हाताची घडी घालून उभाच होता. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि पडत्या भावात तोच माल घेतला. गंमत पाहा, त्याला ओल दिसली नाही. त्याच्याकडे यंत्रच नव्हतं. मी संतापले होते, सुधाकर मात्र चहा मागवत होता. "मले पगार हाय ताई, म्हनून मी हसून राह्यलो," तो म्हणाला. "ज्याले पगार नाई, तो याच गेटवर बसून रडते. मी पाह्यलं हाय."

आता माझ्या दोन पिशव्या. गादीला रुई लागते, रुईसाठी सरकी काढावी लागते, आणि सरकी काढायला जिनिंग. ते काय, शहरात शिरताना दोन्ही हातांना जिनिंगच जिनिंग. एकीत गेलो. अंगणात कापसाचे डोंगर, त्यावर पाण्याचे फवारे उडत होते. हो, पाण्याचे! आग लागू नये म्हणून, असं मला सांगण्यात आलं. शेतकऱ्याच्या गाडीतली ओल पाप, इथली ओल पुण्य. मुनीम सज्जन होता, त्याने खुर्ची दिली.

"अक्का, दोन थैल्यांसाठी मशीन कसं चालू करू? आनि चालू केलं तरी तुमचा कापूस कोनता नि दुसऱ्याचा कोनता, कसं कळन? सगळं एकत्र होते."

"मग तुमच्याकडची चार किलो रुई विकत द्या."

"ती आमची नाई. सरकारी खरेदीचा माल हाय. आमी फक्त सरकी काढून गाठी बांधून देतो. एक मूठ कमी पडली तं मले विचारतात."

गाठी कुठे जातात, ते मी विचारलं. कोइमतूरला, गुजरातेत, काही बांगलादेशात, तो बोटांवर मोजत म्हणाला. इथे सूतगिरणी नाही का? त्याने नकाराची मान हलवली. भिंतीवर पांढऱ्या सोन्याचा जिल्हा म्हणून रंगवलेलं होतं. ज्याच्या हाती ससा तो पारधी, आणि ससा तर गाठीत बांधून कोइमतूरला चाललेला. पारधी म्हणून मिरवायला फक्त ही भिंत उरली होती.

एक शेवटचा उपाय म्हणून गादीवाल्याकडे गेलो. जुन्या बाजारात एका पिंजाऱ्याचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. आता आजोबांची कापूस पिंजायची धुनकी भिंतीवर टांगलेली आणि खाली विजेवरचं पिंजण. दुकानभर करड्या रंगाचा चिंध्यांचा भुसा भरलेला होता, त्यात कुठे लाल दोरा, कुठे निळा. मी विचारलं, हे काय?

"पानीपत का माल है, बाजी. पुराने कपड़ों का. सब गद्दे इसी के बनते."

"आदिलाबादमध्ये बसून पानिपतच्या चिंध्या भरता? कापूस नाही?"

"कपास तो गोदामों में है, बाजी. हमको कौन देता?" त्याने माझ्या पिशवीत हात घातला, बोंडातला तंतू दोन बोटांत ओढून पाहिला, आणि क्षणभर त्याचा चेहरा बदलला. "सरकी निकाल के लाओ. पैसे नहीं लूँगा. बहुत दिन हुए ऐसा माल हाथ में लिए."

शेजारच्या दुकानात परराज्यातून आलेल्या गाद्या प्लॅस्टिकमध्ये उभ्या होत्या. एकीवर कापसाच्या फुलाचं चित्र होतं, आत फोम. मी तिथे रस्त्यात उभी राहून बोलायला लागले आणि थांबेना. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, हे शाळेत शिकले होते. पण इथे तर दळणारा आंधळाही नाही! उघड्या डोळ्यांनी दळतो, कुत्रं समोर खाताना पाहतो, आणि वर त्याच कुत्र्याकडून भाकरी विकत घेतो. दगड जातो आणि सिमेंट होऊन येतं, कापूस जातो आणि चिंध्या होऊन येतो. साग आणि कोळसा तर येतही नाहीत. माणूसही जातो, मॉलच्या दारात उभा राहायला. आणि पुढाऱ्यांच्या भाषणात हा मुलूख समृद्ध! लोक जमून पाहायला लागले. सुधाकर म्हणाला, "ताई, आटो थांबवला हाय."

घरी मामीने सगळं ऐकलं आणि न्हाणीजवळचा सपाट दगड धुऊन आणला. मग कपाटामागून लोखंडाची सळई काढली. कापसाचा पुंजका दगडावर ठेवायचा, सळई दोन्ही हातांनी दाबून लाटत पुढे न्यायची, की सरकी टपटप पुढे पडते आणि रुई मागे राहते. "तुही माय अन् मी वाती कराले असंच काढत होतो, मालकिनीच्या देव्हाऱ्यासाठी," ती म्हणाली. मीही बसले. थोड्या वेळात मनगटं भरून आली आणि हाताखाली जमली होती ओंजळभर रुई. संध्याकाळी वेचणी आटोपून कौसाबाई आणि दोघीतिघी आल्या, सांगितलं नसताना बसल्या. चहा झाला, सुनांची उणीदुणी झाली, कोणाच्या तरी जावयाची यथेच्छ टिंगल झाली. दुसऱ्या दिवशीही बसलो. मी आणखी राहू शकत नव्हते, आईजवळ ठेवलेली बाई जाणार होती. जमलेली सगळी रुई पिंजाऱ्याकडे नेली. त्याने ती पिंजली, तेव्हा ढगासारखी फुगून वर आली आणि आम्हा सगळ्यांना वाटलं, होते गादी! पण त्याने तळहाताने दाबून पाहिली.

"तकिया बनेगा, बाजी. एक."

त्याने ती पांढऱ्या मांजरपाटात भरून उशी शिवून दिली. पैसे खरोखर घेतले नाहीत.

निघताना कौसाबाई रस्त्यापर्यंत आली. "मायले इचारजा मंग," एवढंच म्हणाली. परतीच्या गाडीत उशी मांडीवर घेऊन बसले. किनवटचं जंगल मागे गेलं, पण ह्या वेळी मला खिडकीबाहेर बघवेना. डोळ्यांना दिसेल तिथवर कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यातून मी एक उशी घेऊन चालले होते, तीही हाताने काढलेली आणि पिंजाऱ्याच्या भलेपणावर शिवलेली. हा मुलूख गरीब आहे असं आता कोणी माझ्यापुढे म्हणू नये. गरीब नाही. लुबाडलेला आहे, आणि तेही इतक्या रीतसर, यंत्र लावून आणि शिक्के मारून, की लुबाडलेल्याला बसायला खुर्ची मिळते आणि चहाही तोच मागवतो.

पुण्यात आईने उशी हातात घेतली. हुंगली. बोटांनी चाचपत एका कोपऱ्यात राहून गेलेली सरकी शोधून काढली आणि "वयनी आजून घाईच करते" म्हणून मामीला नाव ठेवलं. मी गादी झाली नाही हे सांगायला लागले, यार्ड, जिनिंग, पानिपत सगळं. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. मी उशी तिच्या डोक्याखाली सरकवायला गेले, तर तिने हात धरला.

"मानेचं राहू दे. पाठीखाली घाल."

तिला कुशीवर वळवून मी उशी तिच्या पाठीखाली घातली आणि हळूच तिला सरळ केलं. तिने डोळे मिटले. मग मी कौसाबाईचा प्रश्न विचारला, तिच्याच शब्दांत. पाठीला कसं लागतं?

आईने पाठ जराशी उशीवर दाबून पाहिली.

"मऊ लागते, म्हन तिले," ती म्हणाली. "इतकं मऊ, का राग येते."

मी सुधाकरला फोन लावला. तो शेतावरच होता, त्याने फोन कौसाबाईला दिला. मी आईचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. पलीकडे वारा वाजत होता, बायांचे आवाज येत होते.

"राग तं येईनच," कौसाबाई म्हणाली, आणि फोन सुधाकरकडे देऊन पुन्हा वेचायला लागली.