नाक घेऊन या

केकमामी कधीही एकट्या केक भाजत नसत. जाड पातेल्यात वाळू तापत ठेवली, की मैद्याला हात लावण्याआधी त्या आमच्या दोघींच्या घरांमधल्या बुटक्या भिंतीपाशी येत आणि हाक मारत, "मॅडम, या बरं, नाक घेऊन या." मी पुस्तकात खूण घालून उठत असे. त्यांच्या ओट्याशेजारी एक निळं प्लॅस्टिकचं स्टूल होतं. ते नाकाचं स्टूल. मी कॉलेजात असले तर समोरच्या शिलाईवाल्या वहिनी त्यावर बसत. कुणीच मिळालं नाही, तर मामी गॅस बंद करून वाळू निवू देत. वाढदिवस असलेल्या घरातून माणूस येऊन ताटकळला तरी त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "एकटीनं भट्टी लावू न्हाई."

आम्हाला ती त्यांची हौस वाटायची. नवरा गेलेला, लेक पुण्याला. बोलायला माणूस लागतं, असं गल्ली म्हणत असे. मीही तेच धरून चालले होते. मोठी साथ ओसरल्यावर मी मानवतला कॉलेजात ग्रंथपाल म्हणून आले आणि त्यांच्या शेजारच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. त्यामुळे साथीआधीच्या मामी मी पाहिलेल्या नाहीत. वहिनींनी एकदा सहज सांगितलं होतं, की पूर्वी मामी वाळू तापत ठेवून खुशाल अंगणात तांदूळ निवडत बसत आणि मधेच "झाला" म्हणून उठत. घड्याळाकडे पाहत नसत. ऐकून मी मान हलवली आणि विसरून गेले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या गल्लीतल्या बायकांना केक शिकवत. पहिल्या दिवशी केक होतच नसे. ओट्यावर फक्त सामान मांडलेलं असे : बारीक जाळीची चाळणी, काठ सपाट असलेली स्टीलची वाटी, लाकडी रवी, लोकर विणायची लांब सुई आणि गंगाखेडहून आणलेली, धुऊन चाळलेली गोदावरीची वाळू. वापरून वापरून ती वाळू काळी पडली होती. "वाटी एकच पायजे," त्या बजावत. "मैदा एका वाटीनं आन् साखर दुसऱ्या वाटीनं मोजली की झाला शिरा." सुई केकच्या पोटात खुपसून कोरडी निघाली तर केक झाला समजायचं. पण सुई सारखी सारखी खुपसली तर केक बसतो, म्हणून झाकण कधी उघडायचं ते नाकाने ठरवायचं. मग त्या सगळ्यांवरून नजर फिरवत आणि म्हणत, "एवढं सगळं माझ्याकडं हाय. नाक तेवढं न्हाई. ते आपापलं घेऊन या." बायका पोट धरून हसत. मीही हसले आहे.

लेकीने पुण्याहून एक चांगली विजेची भट्टी पाठवली होती. सोबत मापाचे चमचे आणि तापमान दाखवणारी काचेची नळी. मामींनी भट्टीत पापड ठेवले आणि चमचे वहिनींच्या नातीला भातुकलीसाठी दिले. मी एकदा म्हटलं, या भट्टीत वेळ लावला की ती आपोआप बंद होते, कुणाला बोलवायला नको. त्या म्हणाल्या, "लाइट गेली की ती काय करील? आन् मग तुमी कशाला यायलाव माझ्याकडं?"

स्टुलावर बसून नुसतं "आला वास" म्हटलेलं त्यांना चालत नसे. सुरुवातीला मी "छान येतोय" म्हणाले, तर त्या वैतागल्या. "छान म्हंजे काय? दिवसभर पुस्तकाच्या कपाटात राहता तुमी, आन् एवढं सांगता येईना?" तेव्हापासून मी शब्द शोधू लागले. आधी कच्च्या अंड्याचा, ओल्या भिंतीसारखा वास. मग दूध उतू जाऊन शेगडीवर करपावं तसा, पण गोड. मग भाजलेल्या शेंगांचा. शेवटी लोणी आणि साखर एकमेकांत मिसळून जातात, तेव्हा हळद उतरल्यावरच्या लग्नघरासारखा. मी बोलत असताना मामी डोळे मिटून, हातातली सुई मांडीवर आडवी धरून ऐकत असत. मी थांबले की विचारत, "मग? अजून?" मी आयुष्यात कुणाला इतकं सविस्तर काही सांगितलेलं नाही. आणि इतकं लक्ष देऊन माझं कुणी ऐकलेलंही नाही.

एकदा झाकण काढताच मी चमकले. केकला केवड्याचा वास येत होता. मी म्हटलं, "मामी, हा केक आहे की बिर्याणी?" त्यांचा हात हवेत थांबला. क्षणभरच. मग त्यांनी केक ताटलीत उपडा केला आणि म्हणाल्या, "मुद्दाम घातलाय. खायला तर शिका." गल्लीला तो इतका आवडला, की पुढे कितीतरी दिवस सगळ्यांना केवड्याचाच केक हवा होता. त्यानंतर, केवड्याच्या बाटलीसारख्याच दिसणाऱ्या व्हॅनिलाच्या बाटलीच्या गळ्यात एक लाल दोरा दिसू लागला. मला वाटलं, नजर लागू नये म्हणून बांधला असेल. तशा त्या दारालाही बिब्बा टांगत.

लेक दर सणाला यायची आणि दर वेळी तेच म्हणायची, आई, आता घराला कुलूप लावू आणि पुण्याला चल. मामी हसून विचारत, "तिथं माझी वाळू कुठं ठिवू?" लेक रुसून जायची. गाडी वळेपर्यंत मामी दारात उभ्या असत आणि मग आत येऊन ओटा पुसत. ओटा स्वच्छ असला तरी पुसत.

मी भावाकडे परभणीला गेले होते, तेव्हा सकाळीच वहिनींचा फोन आला. मामींच्या घरात गॅसचा भडका उडाला होता. उंदराने नळी कुरतडली होती. मामींना नांदेडला नेलं होतं आणि मी तिथे पोचायच्या आत त्या गेल्या होत्या. वहिनी पुन्हा पुन्हा एकच गोष्ट सांगत होत्या. रस्त्यापर्यंत वास येत होता. सडा टाकताना त्यांना स्वतःला आला होता आणि त्या हाक मारायला निघाल्याच होत्या. "मॅडम, आमाला भाईर वास आला, मग मामीला आत कसा न्हाई आला?"

मानवतला परतल्यावर दहाही दिवस गल्लीत हाच प्रश्न फिरत राहिला. कुणी म्हणालं झोपेत असतील, कुणी म्हणालं वेळच आली होती. आम्ही मामींच्या पुढच्या खोलीत सतरंजीवर बसलो होतो. वहिनींनी तो प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा जिंतूरहून आलेली मामींची धाकटी बहीण भिंतीकडे बघत म्हणाली, "अक्काला वासच येत नव्हता ओ."

बहीण पुढे सांगत गेली. साथीच्या तापात वास गेला तो परत आलाच नाही. तिच्याशिवाय कुणालाही ठाऊक नव्हतं, आणि तिला देवाची शपथ घातली होती.

"मला का नाही सांगितलं?" लेकीने विचारलं.

"तू नेली असती तिला."

"नेलीच असती," लेक म्हणाली. नंतर तिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, अगदी हळू.

मी तिथे बसून होते, पण माझ्या डोक्यात ते निळं स्टूल होतं. केवडा होता. लाल दोरा होता. दूध माझ्यापुढे धरून "नासलंय का बघा, माझी नजर गेली बाई" असं म्हणणाऱ्या मामी होत्या. नाक तेवढं माझ्याकडं न्हाई, असं त्यांनी आम्हाला भरल्या घरात, उघड सांगितलं होतं. आम्ही हसलो होतो. मी शब्दांत राहणारी बाई, आणि इतकं सरळ वाक्य मला ऐकू आलं नाही. याचा धक्का अजून ओसरत नाही. भाजलेल्या शेंगा, उतू गेलेलं दूध, लग्नघर : मी गंमत म्हणून सांगत होते आणि त्या तेवढ्यावरच जगत होत्या.

जाताना लेकीने चाळणी, वाटी आणि सुई माझ्या हातात दिली. वाळू जमिनीवर सांडली होती, तीही तिने गोळा करून डब्यात भरली होती. मी अजून केक केलेला नाही. करीन. पण सकाळी चहाचं आधण ठेवताना हात थांबतो. त्या दिवशी आत शिरलेल्या वहिनींना ओट्यावर चहाचं छोटं पातेलं दिसलं होतं, एका माणसापुरतं. एकटीनं भट्टी लावू नये, हा आपला नियम मामींनी कधीच मोडला नव्हता. केकसाठी त्या मला बोलवत. पण सकाळच्या घोटभर चहाला कोण कुणाला हाक मारतं?