चुन्यात जास्त पडलेली नीळ

बाबा गेल्यानंतर सव्वा महिन्याने मामा आईला न्यायला आला. आमच्यात ही रीत आहे. जिचा नवरा गेला तिला भाऊ माहेरी नेतो, चार घास खाऊ घालतो, नवं लुगडं नेसवतो आणि परत आणून सोडतो. देवगाव रंगारीहून मामा स्वतः गाडी घेऊन आला. आईने एका पिशवीत दोन साड्या घातल्या आणि काही न विचारता चपला पायात सरकवल्या. निघताना मामा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "बाई, अक्काला आता तिकडंच राहू दे. इथं भिंतीकडं बघत बसती दिवसभर. तिकडं माणसं हायेत, शेत हाय."

त्याचं खोटं नव्हतं. बाबांच्या आजारात आईचा सगळा वेळ स्वयंपाकघरात गेला होता. पेज, काढा, पुन्हा पेज. ते गेले त्या दिवसापासून तिने त्या खोलीचा उंबरा ओलांडला नव्हता. मी केलेलं ताटात घेई, पाहुणी घेते तसं, आणि "छान झालंय" म्हणे. माझी भाजी कधीच छान होत नाही. ती पूर्वी तसं स्पष्ट सांगायची. तिचं ते छान म्हणणं मला रडण्यापेक्षा जड जाई.

मी लग्न केलं नाही. कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. हर्सूलच्या या तीन खोल्यांत आम्ही तिघं होतो, आता दोघी उरलो होतो, आणि आई तिकडेच राहिली तर मी एकटी. तिला थांब म्हणण्याचा हक्क मला होता का, हे ठरवता येत नव्हतं. थांबावंसं वाटेल असं काहीतरी या घरात करून ठेवावं, एवढंच सुचलं. स्वयंपाकघर नवं करायचं आणि तिला आधी काही सांगायचं नाही.

पहिल्यांदा ट्रॉलीचं किचन करणाऱ्या एका माणसाला बोलावलं. त्याने टेप लावून मापं घेतली, मोबाईलमध्ये चित्रं दाखवली आणि आकडा सांगितला. आकडा ऐकून मी त्याला चहा विचारला, म्हणजे विषय संपला. दवाखान्याने आमचं बरंच काही नेलं होतं. मग रंग तरी देऊ म्हटलं, तर शेजारच्या काकूंनी कंपाउंडवरून विचारलं, "वर्षाच्या आत घराला रंग देतेस व्हय गं?" ते मला आठवलंच नव्हतं. वर्षश्राद्ध होईपर्यंत आमच्याकडे घराला रंग लावत नाहीत. मी मानते की नाही हा प्रश्न वेगळा, आई मानते.

मार्ग काढला तो पलीकडच्या घरातल्या खालांनी. आईची आणि त्यांची मैत्री मी शाळेत होते तेव्हापासूनची. त्या दारात उभं राहून म्हणाल्या, "अगे, चुना लगा ना. चुन्याला रंग कौन बोलता? चुना तो सफेद. सफेद में क्या सुतक?"

हा युक्तिवाद मला इतका आवडला की मी त्याच दिवशी चुन्याची कळी आणली. ड्रममध्ये पाणी घालून कळी टाकली तेव्हा ती खदखदली, वाफ आली, आणि खाला मागे सरत म्हणाल्या, "दूर हो, चष्मेवाली, डोळे जातील." आमच्याकडे नळ आठ-आठ दिवसांनी येतो, त्यामुळे पाण्याचा हिशेब सांभाळत काम चाललं. सोड्याच्या पाण्याने भिंतींवरचं तेलकट खरवडलं. मांडणी उतरवून घासली. जुन्या सुती साडीचा खिडकीला पडदा शिवला. खिडकीत बाबांच्या औषधांच्या बाटल्या होत्या. त्या हलवायला माझा हात उठेना. दुपारी पाहिलं तर खिडकी मोकळी होती आणि खाला पिशवी घेऊन फाटकातून बाहेर जात होत्या. आम्ही दोघी त्यावर काही बोललो नाही. आजही बोललेलो नाही. काही उपकारांची वाच्यता न करणं हीच त्यांची परतफेड, असं मला वाटतं.

आईचा रोज फोन यायचा. मी म्हणायचे, पेपर तपासतेय. एकदा मागून खाला ओरडल्या, "बादली ला गं, जल्दी!"

"खाला कशाला आल्यात?" आईने विचारलं.

"नळ आलाय."

"आज कसा काय नळ?"

"टँकर आलाय," मी म्हटलं. "मामी हाक मारतीय, ठेवते," आई म्हणाली. माझं एवढं उघड खोटंही तिला खोदून विचारावंसं वाटत नाही, या विचाराने मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पहिला हात दिला तो करडा, पट्ट्यापट्ट्यांचा दिसू लागला. दुसऱ्या हाताच्या वेळी खाला म्हणाल्या, "जरा नीळ टाक. पांढरं कसं चमकतंय बघ." आणि दूधवाला आला म्हणून त्या घरी गेल्या. नीळ घरात होती. बाबा आयुष्यभर कचेरीत पांढरा शर्ट घालून गेले, त्या शर्टांसाठीची बाटली मोरीत तशीच भरलेली होती. मी थोडी ओतली. बादलीत काही फरक दिसेना. आणखी ओतली. भिंतीवर लावलं तर ओली भिंत नुसती मळकट. म्हणून आणखी. चुन्याचा खरा रंग तो वाळल्यावर दिसतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी वाचलेल्या कुठल्याही पुस्तकात नव्हतं.

सकाळी दार उघडलं. चारी भिंती आकाशी निळ्या झाल्या होत्या. लग्नघराला शोभतील अशा.

खाला आल्या आणि त्यांनी दोन्ही हात गालांवर ठेवले. "या अल्लाह! रसोई है की स्विमिंग टँक?"

आम्ही दोघी हसत खाली बसलो. बऱ्याच दिवसांनी हसले होते मी. ड्रमच्या तळाला पाणी नव्हतं, चुना संपला होता. आणि तेवढ्यात मामाचा फोन. "बाई, दौलताबाद सोडलं बघ. अक्काचे बाकीचे कपडे न्यायला आलोय. मोठी पेटी काढून ठेव."

आई यायला अजून आठवडा आहे असं धरून मी चालले होते. पेटी काढली नाही. ओट्यावरचे शिंतोडे पुसत राहिले.

आधी मामी आत आली. पाणी प्यायला म्हणून सरळ स्वयंपाकघरात गेली आणि तिथूनच तिचा आवाज आला. "अगं बाई बाई! वर्ष नाय झालं अन् घराला रंग? लोकं काय म्हणतील? शिकली-सवरली पोरगी तू, एवढंबी कळंना?"

मामा दारात थबकला. चुना, सफेद, सुतक हा सगळा युक्तिवाद त्या निळ्या भिंतींपुढे अगदीच पोकळ होता. आई चपला काढून आत आली, माझ्याकडे न पाहता पुढे गेली आणि उंबऱ्यापाशी थांबली. मला वाटलं, आता वळेल आणि पेटी कुठंय विचारेल.

ती आत गेली. भिंतीवरून बोट फिरवलं, बोटाचं टोक उजेडात धरलं.

"रंग कुठंय?" ती मामीला म्हणाली. "चुना आहे. हे बघ, हाताला लागतो." मग माझ्याकडे वळली. "नीळ किती घातलीस?"

"अर्धी बाटली."

"अर्धी बाटली! अगं, तुझ्या बापाचे वर्षभराचे शर्ट निघाले असते तेवढ्यात."

ती बाबांबद्दल एवढं मोकळं पहिल्यांदाच बोलली होती. तिचं लक्ष मांडणीकडे गेलं. "आणि हे काय, तिखटाचा डबा शेगडीच्या वर? वाफेनं दगड होईल त्याचा. मिठाची बरणी कुठं घातलीस? पुस्तकं लावल्यासारखी भांडी लावलीस का काय, उंचीनं?"

खरं होतं. मी उंचीनेच लावली होती.

"खालांनी मदत केली," मी म्हटलं.

"त्यांना तरी कुठं माप कळतं," आई म्हणाली. खाला दारातूनच ओरडल्या, "सुनतेय मी! इतके दिवस कुठं मेली होतीस?"

आईने पदर खोचला आणि डबे उतरवायला लागली. मामा म्हणाला, "अक्का, पेटी घ्यायची ना? उन्हं व्हायच्या आत निघू."

"बस जरा," ती पाठ न वळवता म्हणाली. "हिला एकटीला ठेवून मी कशी येऊ? चाळिशी आली, पण चुन्यात नीळ किती घालायची ते कळत नाही. उद्या घर पेटवील ही."

मामी काहीतरी बोलायच्या बेतात होती. मामाने तिच्याकडे पाहून मान हलवली. भावाने बहिणीला न्यायचं ही रीत त्याने पाळली होती. मी न मागताच तिला इथे राहूही दिलं, त्याचं ऋण मी कुठे मांडू? थोड्या वेळाने मामीच मुकाट्याने ओट्याशी जाऊन चहासाठी आलं ठेचायला लागली.

मला आईने तीनदा सांगितलं, "मधे मधे करू नकोस, बाहेर बस." मी बाहेर बसले. आतून भांड्यांचा आवाज येत होता, आणि माझ्या चहाविषयी ती मामीला काय सांगत होती तेही ऐकू येत होतं. ते काही छान नव्हतं.

निघायच्या वेळी आई दारापर्यंतही आली नाही. "दूध ठेवलंय, उतू जाईल. तूच जा त्यांना पोचवायला," ती आतूनच म्हणाली. मी फाटकाशी गेले. गाडीच्या मागच्या सीटवर पेटीसाठी केलेली जागा रिकामी होती. मामाने काच खाली केली, किल्ली फिरवली, पुन्हा बंद केली.

"चहा अक्कानंच केला ना?" त्याने विचारलं.

"हो."

"तिकडं एकदाबी नाय केला तिनं," तो म्हणाला, आणि मग गाडी सुरू केली.