जपानात ऐकलेलं यल्ला

मंडळी, मी मस्कतला, मत्रह बाजारातल्या दुकानात. माझी मुग्धा (अजून माझी आहे का, माहीत नाही) पुण्याच्या काका-काकूंची टूर घेऊन जपानात. निघायच्या आधी फोनवर भांडलो. "सारखं यल्ला यल्ला काय? मी तुझं गिऱ्हाईक आहे का?" म्हणाली. माझं डोकं फिरलं, फोन कट केला. तेव्हापासून अबोला.

आज तिच्या स्टेटसचा व्हिडिओ पाहिला. क्योटोबाहेरचं खेडं, भातशेतं, बस थांबलेली आणि एक काकू फोटो काढणं सोडून हलेनात.

"यल्ला काकू, यल्ला!"

"जपानीत 'चला'ला यल्ला म्हणतात का गं?"

"नाही हो. मस्कतला म्हणतात." आणि हसली.

तेवढं कापून टाकता आलं असतं तिला. कापलं नाही.

फोन आता मीच करणार. सुरुवात सॉरीने करू की यल्लाने?