विंगेतलं स्टूल

नाटक कंपनीत तिला सगळे मावशी म्हणत. मावशी प्रॉम्प्टर. उजव्या विंगेत, पडद्याच्या दोरांशेजारी तिचं स्टूल. एक पाय आखूड, म्हणून खाली पुठ्ठ्याची घडी. तिथून ती अशी कुजबुजायची, की शब्द नटाच्या कानात पडावा आणि पहिल्या रांगेला पत्ताही लागू नये. किती राजे, किती वकील, किती रुसलेल्या सुना त्या कुजबुजीवर तरून गेल्या!

आता निवृत्ती आली. कंपनी तिला मानाची पदवी देणार होती. शब्द सुचवला तिच्याच नवऱ्याने. जन्मभर शाळेत लॅटिन शिकवलेला मास्तर तो.

"एमेरिटा," सकाळी चहा गाळता गाळता तो म्हणाला. "विशेषण आहे. पुरुष असेल तर एमेरिटस, बाईला एमेरिटा. 'ए' म्हणजे बाहेर, 'मेरेरे' म्हणजे कमावणं. पूर्ण नोकरी करून मानाने सुटलेल्या रोमन सैनिकाला म्हणायचे."

"म्हणजे गोड बोलून घरी धाडणंच की!"

"अगं, सेवा पुरी करून हक्क कमावला, असा अर्थ."

"हक्क राहू दे. माझं स्टूल राहणार का, ते सांग."

मास्तरने चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. याचं उत्तर कुठल्या शब्दकोशात असणार? मावशीला पदवीचं काय कौतुक! तिला तो कोपरा हवा होता, बस्स.

संध्याकाळी तिला रंगमंचाच्या मधोमध उभं केलं. तोंडावर लख्ख प्रकाश. हातांचं काय करावं कळेना. कंपनीचे मालक, स्वतः मुरलेले नट, ऐटीत तिच्या शेजारच्या माईकपुढे आले.

"आजपासून आमच्या मावशी... आमच्या मावशी..."

मालकांची नजर सवयीने उजव्या विंगेकडे गेली. स्टूल रिकामं.

मावशीचे ओठ आपसूक हलले. "एमेरिटा."

माईकने ती कुजबुज थेट बाल्कनीपर्यंत पोचवली. नाट्यगृह हास्यात बुडालं. मावशीने जीभ चावली.

"धन्य आहे मावशी! स्वतःचीच पदवी सांगताय मला?"

"सवय हो मेली, जात नाही."

"जाऊ नकाच देऊ! नोकरीतून सुटलात, आमच्यातून नाही. ते स्टूल तुमचंच. मनाला येईल तेव्हा येऊन बसा."

टाळ्या थांबेनात. मावशीने बोलायला तोंड उघडलं आणि सगळ्यांना शब्द पुरवणारी ती बाई पार अडली. डोळे तेवढे भरून आले.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून मास्तर कुजबुजला, "आभारी आहे म्हण, आभारी आहे!"

जन्मभर वर्गापुढे बोललेला माणूस. त्याची कुजबुज शेवटच्या रांगेलाही ऐकू गेली.

"आभारी आहे," मावशी म्हणाली. "आणि अहो, जरा हळू. समोर ऐकू जातंय."