तुळईखालचा ऑब्री

ऑब्रीच्या खांद्याचं काय होणार, ही काळजी एनिड पॅलिस्टरचा पिच्छा सोडत नव्हती. तिचा एकुलता एक मुलगा, पंचेचाळिशीचा, बी-बियाण्यांच्या दुकानातला विक्रेता, गेल्या रविवारपासून स्वतःच्या बैठकीच्या खोलीत तुळईला खांदा लावून उभा होता. आणि सगळ्या नेदर विकल गावात यात काही वावगं आहे असं फक्त एनिडलाच वाटत होतं. तेही ती कोणाजवळ बोलली नव्हती.

घर तसं पहिल्यापासून माणसाकडून बरंच काही मागणारं. ओकच्या लाकडांचा सांगाडा, मधे कुडाच्या भिंती, त्यावर चुना, वर गवताचं जाड छप्पर, आणि वरचा मजला खालच्याच्या पुढे येऊन गल्लीत डोकावणारा. शतकानुशतकं वाळता वाळता लाकडं मनाला येईल तिकडे वळली होती. काटकोन म्हणून घरात औषधाला नव्हता. ऑब्री तान्हा असताना एनिड त्याची बाबागाडी कुठेही ठेवो, सकाळी ती धुराड्याजवळच सापडायची. खुर्च्यांचे पाय ज्या त्या जागेच्या उतारानुसार कापलेले. खुर्ची हलवली की बसणारा घसरत घसरत शेजारच्याच्या मांडीवर. ऑब्री चालायला शिकला तोच डावीकडे कलून. शाळेच्या प्रत्येक फोटोत तो नुकताच पडायला लागलाय असं दिसे. पुढे नवरा गेल्यावर एनिडने गल्लीपलीकडे एक नवं, बसकं, सपाट घर घेतलं. ऑब्रीला तिथे बोटीत बसल्यासारखं मळमळायचं. तो जुन्या घरातच राहिला.

मधे रोझमेरी नावाच्या मुलीशी त्याचं जमलं होतं. ती आपल्या आजीचं कपाट घेऊन आली आणि कपाट जिन्यात अडकलं. घर जुना वारसा म्हणून कायद्याने संरक्षित, त्यामुळे जिन्याला हात लावता येईना. कपाटाला हात लावू द्यायला रोझमेरी तयार होईना. ती जिन्याच्या वर, तो खाली, मधे कपाट. दोघांनी संध्याकाळपर्यंत हवामानावर गप्पा मारल्या. मग ती मागच्या खिडकीतून उतरली आणि काही दिवसांनी कपाटही गेलं. त्यानंतर त्या घरात मीटर बघणाऱ्याशिवाय कोणी फिरकलं नाही.

तर त्या रविवारी ऑब्री चहाबरोबरच्या क्रंपेटला, म्हणजे जाळीदार पावाला, लोणी लावत असताना मधला खांब कडाडला आणि उभा चिरला. वरची मोठी तुळई कण्हली. ऑब्री उठला आणि त्याने तिच्याखाली खांदा घातला. आवाज थांबला.

दुसऱ्या दिवशी जुन्या घरांवर देखरेख करणारे मिस्टर पेनरोज आले. त्यांनी खांब टकटक वाजवून बघितला, तुळई हुंगली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"लोखंडी टेकू लावू या ना," एनिड म्हणाली. "आपल्या सुताराकडे, रॉय फिस्ककडे आहेत."

"लोखंड? इथे?" पेनरोजांनी छातीवर हात ठेवला. "मॅडम, परवानगीशिवाय नवीन खिळासुद्धा गुन्हा आहे. अर्ज करा, दोनेक महिने लागतील."

"आणि तोवर?"

"तोवर हे आहेतच की. यांना परवानगी लागत नाही, माणूस घरात राहायचाच. शिवाय आमचा पहिला नियम काय? जे लावाल ते घराला इजा न करता काढता आलं पाहिजे. यांच्याइतकं सहज निघणारं काय आहे?"

"तुम्हाला त्रास नाही ना?" त्यांनी ऑब्रीला विचारलं.

"छे छे," ऑब्री म्हणाला. "मी तसाही घरीच होतो."

बातमी पसरली तशी माणसं यायला लागली. कोणी चहा आणी, कोणी रुबार्बची गोड पाई, कोणी आपल्या मळ्यातला भलामोठा भोपळा. दुकानाचे मालक येऊन वाटाणे कधी पेरावेत ते विचारून गेले. ऑब्री झोपायचा उभ्यानेच, घोड्यासारखा. सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ गावच्या चर्चचे धर्मगुरू, व्हिकर, त्याच्या जागी उभे राहत. त्या वेळात ऑब्री कुठे जातो हे विचारण्याइतकं असभ्य गावात कोणी नव्हतं.

एनिड रोज डबा घेऊन जाई. "अरे, दुखतंय का रे?"

"नाही गं आई. थोडं जड वाटतं, पण सवय होते. काल अकरा जण आले होते! मिसेस टकेटनी तर केक स्वतःच्या हाताने भरवला."

त्याचे गाल लाल झाले होते. इतकं खुशीत तिने त्याला रोझमेरीच्या वेळेनंतर बघितलं नव्हतं, आणि तिची काळजी आणखीच वाढली.

इतिहास मंडळाच्या मिसेस टकेट शुक्रवारी सुती दोर आणि तो अडकवायला बुटके पितळी खांब घेऊन आल्या. "एनिड, तू तर भाग्यवान गं. शनिवारी नॉरिचहून बस भरून मंडळी येताहेत. ऑब्रीभोवती दोर बांधते, म्हणजे कोणी हात लावणार नाही."

"तो माझा मुलगा आहे, डॅफ्नी."

"म्हणून तर तुला तिकीट नाही!"

त्या संध्याकाळी एनिड नेहमीपेक्षा लवकर गेली. ऑब्री आत गेला होता. तुळईखाली व्हिकर उभे होते, हात खिशात घालून. व्हिकर ऑब्रीपेक्षा चांगले वीतभर बुटके. एनिडने त्यांच्या खांद्याकडे बघितलं, तुळईकडे बघितलं. मधे एक किटली आरामात मावली असती. तुळईचं टोक धुराड्याच्या विटांवर जाऊन निवांत टेकलं होतं. रविवारीच टेकलं असणार.

"व्हिकर," ती हळूच म्हणाली, "ही कशावर उभी आहे?"

व्हिकरांनी घसा साफ केला. "विटांवर. पहिल्याच दिवशी लक्षात आलं माझ्या."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"विषय कसा काढायचा? तो इतका मनापासून उभा होता. बरं दिसलं नसतं."

"मग तुम्ही रोज इथे..."

"तो म्हणाला, जरा धरा. नाही कसं म्हणणार?"

तेवढ्यात ऑब्री परत आला, व्हिकरांचे आभार मानून तुळईखाली शिरला आणि दात आवळून उभा राहिला. एनिडने त्याच्यासाठी विणून आणलेली लहानशी उशी खांद्यावर ठेवली. उशी वर कशातच अडकली नाही. घसरून खाली पडली आणि जमिनीच्या उताराने धुराड्याकडे गेली.

"पडली वाटतं," ऑब्री म्हणाला. "राहू दे. मला हलता येत नाही ना. मी हललो तर घर गेलं."

एनिडने उशी उचलली आणि ती घरी आली.

उद्या बसमधून लोक उतरतील. त्यात मापाच्या पट्ट्या खिशात घेऊन फिरणारे असतातच. एकजण तरी तुळई आणि खांदा यांच्यामध्ये बोट घालणार. मग हसतील. गाव हसणार नाही. गाव नुसतं नम्रपणे दुसरीकडे बघेल, आणि ऑब्री त्यानंतर दुकानातसुद्धा जाणार नाही. त्याला खरं सांगावं तरी तेच. त्याला बाहेर काढायचं तर कोणीतरी येऊन त्याच्याकडून ते ओझं घेतलं पाहिजे, आणि घेताना धापा टाकल्या पाहिजेत.

रांगेतसुद्धा कधी पुढे न घुसलेली बाई ती. परवानगी नंतर मागू, असं ती स्वतःशी मोठ्याने म्हणाली आणि दचकली. काय सांगायचं ते तिने घोकून ठेवलं. रॉय, तुझ्या कोठारातला जुना ओकचा खांब आण. भार पेलायचा नाही, नुसता उभा दिसला पाहिजे. सोबत दोन माणसं आण, आणि लावताना खूप आरडाओरडा करा. काम झालं की सगळ्यांसमोर म्हण, ऑब्री, तू नसतास तर हे घर राहिलं नसतं. आणि चहाला थांब. पुढच्या रविवारीही ये, काम असो नसो.

तिने रिसिव्हर उचलला आणि रॉय फिस्कचा नंबर फिरवला.