दुखण्याला दहापैकी चार

आमच्या रुग्णालयाच्या पहिल्या मजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला लागून, दुखण्याच्या डॉक्टरांची खोली आहे. दारावर त्यांच्या विभागाचं लांबलचक नाव लिहिलेलं आहे, पण ते कुणी वाचत नाही. कमरेवर हात ठेवून कुणी लिफ्टमध्ये शिरलं की लिफ्टवाला न विचारताच पहिल्या मजल्याचं बटण दाबतो.

डॉक्टर पंचावन्नच्या पुढचे. आधी वीस वर्षं शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देत होते. "तेव्हा माझे पेशंट तोंडातून शब्द काढायचे नाहीत, आता थांबायचं नाव घेत नाहीत," असं ते सांगतात. शस्त्रक्रिया झाली, माणूस जागा झाला, आणि पुढे महिनोन्‌महिने विव्हळत राहिला तर त्याच्याकडे बघायचं कुणी, असं त्यांनी एकदा मीटिंगमध्ये विचारलं. उत्तर म्हणून ही खोली त्यांच्याच गळ्यात पडली.

खोलीत तीन खुर्च्या आहेत. एक लाकडी, एक गादीची, एक हातांची. पेशंट कुठली निवडतो, कसा टेकतो, उठताना कशाला धरतो, हे डॉक्टर कागद चाळल्याचं नाटक करत बघतात. मग विचारतात, "दुखतं म्हणजे नेमकं काय होतं?" ठणका, कळ, चमक, आग, मुंग्या, यांतला कुठला शब्द येतो त्यावर त्यांचं अर्धं औषध ठरतं. एक शिंपी म्हणाला होता, "पायात कुणीतरी उलटी शिवण घालतंय." डॉक्टरांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि नसेचं औषध सुरू केलं. सगळ्यात शेवटी विचारतात तो आकडा. अजिबात नाही तर शून्य, असह्य असेल तर दहा.

या आकड्यानेच त्यांना एकदा चकवलं.

त्या मंगळवारी सत्तरी ओलांडलेल्या एक निवृत्त शिक्षिका दुसऱ्यांदा आल्या होत्या. बाईंचा कर्करोग कमरेच्या हाडात उतरला होता. पंधरा दिवसांपूर्वी त्यांनी दुखण्याला चार दिले होते, म्हणून मॉर्फिनची गोळी अगदी कमी ठेवली होती. सोबत त्यांच्या थोरल्या नणंदबाई होत्या.

"आज किती?" डॉक्टरांनी विचारलं.

"चार," बाई म्हणाल्या. हातांच्या खुर्चीत त्या एकाच बाजूवर भार देऊन बसल्या होत्या.

"चार काय चार! दोन महिने झाले, ही शनिवारी पत्त्यांना बसलेली नाही," नणंदबाई म्हणाल्या. "तिघींत डाव रंगत नाही हो. या शनिवारी आली नाही तर तिच्या जागी खालच्या मजल्यावरचीला घेणार आम्ही."

"वन्सं, तिला इस्पिक आणि किलवर यांतला फरक कळत नाही!"

"पण ती बसते तरी!"

बाई डॉक्टरांकडे वळून हळूच म्हणाल्या, "शनिवारी दोन तास बसता आलं पाहिजे. बाकी माझं काही मागणं नाही."

चार म्हणणाऱ्या बाईला दोन तास बसवत कसं नाही, हे डॉक्टरांना उमगेना. तेवढ्यात रक्तदाब घ्यायला सिस्टर आत आल्या. मागच्या वेळी त्या रजेवर होत्या. बाईंना बघून दारातच थबकल्या.

"बाई, ओळखलंत?"

"मागच्या बाकावरची. बडबडी."

सिस्टर हसल्या. डॉक्टरांच्या कागदावरचा आकडा बघून म्हणाल्या, "सर, हे चार बाईंनी दिलेत? बाईंनी मला निबंधाला दहापैकी साडेचार दिले होते."

"अरेरे. नापास?"

"नापास काय, वर्गात पहिली आले होते!"

"अक्षर बरं होतं, म्हणून अर्धा वाढवला," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "बाई, दहापैकी दहा कधी कुणाला दिलेत?"

"छे! दहा दिले की पुढे सुधारायला जागा काय राहिली?"

"आणि सगळ्यात जास्त?"

"पाच. नोकरीच्या सगळ्या वर्षांत एकदाच."

"म्हणजे तुमचं दुखणं गुणवत्ता यादीत आहे की!" डॉक्टर हसले, पण लगेच गंभीर झाले. "चूक माझी. तुम्ही कशा बसता ते दोन्ही वेळा बघितलं आणि तरी विश्वास आकड्यावर ठेवला. गोळी वाढवू या."

बाईंनी हात आडवा केला. "नको. गुंगी आली तर पान कुठलं पडलं तेच लक्षात राहायचं नाही. मग बसून उपयोग काय?"

"पहिले दोन-तीन दिवस झापड येईल, मग उतरेल. आज मंगळवार आहे, म्हणूनच आज वाढवतोय. शनिवारी पत्ते पिसायच्या अर्धा तास आधी एक छोटी जादा गोळी घ्या. आणि पोट साफ व्हायचं औषध अजिबात चुकवायचं नाही."

"सवय लागेल का हिला?" नणंदबाईंनी विचारलं.

"दुखणाऱ्याला दुखण्यापुरतं मोजून दिलं तर त्याची भीती नाही. आजार बरा करणं माझ्या हातात नाही, बसवणं आहे. तेवढं करून बघतो."

बुधवारी सिस्टरनी फोन केला, तर बाई झोपलेल्या होत्या. गुरुवारीही पेंगत होत्या. शुक्रवारी मात्र बाईंनीच फोन उचलला आणि "इतक्या सकाळी कोण?" म्हणून फटकारलं. डॉक्टरांना ते कळलं तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

शनिवारी संध्याकाळी ते घरी आंघोळीला निघाले होते, तेवढ्यात नणंदबाईंचा फोन आला.

"डॉक्टर, ही गोळी थोडी कमी नाही का करता येणार?"

"का हो? त्रास होतोय?"

"तिला नाही, आम्हाला! सलग तीन डाव जिंकलीय."

"बसल्या किती वेळ?"

"पावणेदोन तास. मग म्हणाली, जरा आडवी होते, पण डाव मोडू नका. आता सोफ्यावर पडलीय, पत्ते छातीशी धरून. आणि मी नुसती उशी द्यायला वाकले तर म्हणते, वन्सं, डोकावू नका!"

मागून बाईंचा आवाज आला, "फोन ठेवा आणि उतारी करा!"